वापसीची तार

दोष कच्च्या सोल्डरचा, दुसरं काही नाही. अॅम्प्लिफायर टेबलावर उताणा पडला होता आणि मी स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने त्याच्या पत्र्यावर टकटक करत सैल जोड शोधत होतो. पडद्याआड माझी धाकटी बहीण कौसल्या गिटार मांडीवर आडवी घेऊन एकच सूर पुन्हापुन्हा लावत होती, म्हणजे मला आवाज तपासता यावा. मे महिन्याची दुपार. यवतमाळचा बाजार उन्हाला कंटाळून पडून राहिला होता. दुकानाच्या दोन फळ्या मी लावूनच घेतल्या होत्या, कारण असल्या उन्हात रेडिओ दुरुस्तीला आणणारा माणूस एक तर वेडा असतो नाही तर सरकारी. मूठ कुठेतरी पडली, एक पिवळी तार आपल्या जागेवरून सुटली आणि लाउडस्पीकरचा आवाज फाटला. तो सूर एकदम पोटातून, खरखरत मोठा झाला आणि दुकानात मावेना. फळीवर मांडलेल्या लोकांच्या रेडिओंच्या काचा थरथरल्या. मी दचकून हात मागे घेतला, कारण उघड्या डब्यात तीनशे व्होल्ट असतात आणि मला अजून लग्न करायचं आहे. तेवढ्यात पडद्याआडून हसू आलं. मोठं, घसा सोडून दिलेलं हसू. ते कोणाचं हे कळायला मला क्षणभर वेळ लागला. आमच्या घरात माणसं तीन, त्यातल्या एकाचं हसू मला ओळखता येऊ नये? "दादा, आता बोललं रे तुहं खोकं!" कौसल्या म्हणाली.

पिवळी तार म्हणजे वापसीची तार. पुस्तकात तिला फीडबॅक म्हणतात, पण आमच्या दुकानात वापसीच. गिटारच्या तारांखाली मी टेलिफोनच्या जुन्या रिसीव्हरमधलं लोहचुंबक आणि वेटोळं बसवलं होतं. तिथून निघालेला बारीकसा आवाज पहिल्या व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे काचेच्या दिव्यासारख्या नळीत, जातो, तिथे वाढतो, दुसऱ्यात आणखी वाढतो आणि लाउडस्पीकरला धक्के देतो. किती वाढवायचा ते गेनच्या बटनावर. गेन फार वाढवला की व्हॉल्व्हला पेलत नाही, आवाजाचा माथा कापला जातो आणि तो फाटतो. म्हणून शहाणे लोक एक युक्ती करतात. लाउडस्पीकरकडे निघालेल्या आवाजातला थोडा हिस्सा एका तारेने उलटा करून पुन्हा सुरुवातीला आणून सोडतात. आवाज बाहेर पडता पडता स्वतःला ऐकतो आणि स्वतःतून स्वतःला थोडं वजा करतो. फाटणं जातं. जोरही जातो, पण शहाणे लोक त्याची फिकीर करत नाहीत. अशी एक तार माझ्याही डोक्यात आहे, तोंडापर्यंत आलेलं वाक्य ती मागे खेचून धुऊनपुसून पाठवते, असं मला एकदा एस. टी.त बसल्याबसल्या सुचलं होतं आणि स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं. हा सगळा उन्हाळा मी ती वापसी वाढवण्यात घालवला होता. रेझिस्टर बदलायचा, ऐकायचं, पुन्हा बदलायचा. गिटार हळूहळू इतकी स्वच्छ झाली की तिच्यात बोटं, लोखंड, तार असलं काही उरलंच नाही. मला ते फार आवडलं होतं.

बुद्धपौर्णिमेला पांढरकवड्याला किसनरावांच्या गायन पार्टीचा कार्यक्रम होता आणि त्यात कौसल्या बसणार होती. स्टेजवर. जवळजवळ दहा वर्षांनी. गाणार नव्हती, फक्त गिटार वाजवणार होती. एवढ्यासाठी मी आणि मायने तिला किती प्रकारे विचारलं, न विचारल्यासारखं दाखवलं, विषय बदलला, पुन्हा आणला, ते आमचं आम्हांला ठाऊक. ती हो म्हणाली तेव्हा माय चुलीपुढे तोंड करून बसली आणि धुराचं निमित्त करून डोळे पुसत राहिली. मला एवढंच हवं होतं की त्या दिवशी एकाही माणसाने तिच्याकडे बिचारी म्हणून पाहू नये. आवाज असा निघावा की लोकांनी म्हणावं, काय गोड वाजवते. गोड हा शब्द मी मनाशी इतक्यांदा घोळवला होता की त्याची चवही गेली होती.

ती चौदा-पंधराची असताना तिला गोड कोणी म्हणत नसे. तेव्हा म्हणायचे, "पोट्टीचा आवाज नदीपार जाते." पैनगंगेच्या अलीकडे आमचं गाव, ढाणकीचा बाजार जवळ. छप्पन साली नागपूरला बौद्ध दीक्षा झाली आणि सगळ्या वस्त्यांना गाण्याची भूकच लागली. जो तो म्हणे आमच्याकडे या. किसनराव गाणी जुळवायचे, डोक्यावरचा पटका सोडून घाम पुसत शिकवायचे आणि कौसल्या ती एका ऐकण्यात उचलायची. बैलगाडीत पार्टी: पेटी, ढोलकी, एक बुलबुलतरंग, मागे पाय लोंबकळत सोडून बसलेला मी. मी नुसताच सोबत, कारण तरण्या पोरीला एकटं कसं पाठवायचं. बाजारात एकाकडे भोंगा आणि मशीन होतं. लग्नाला द्यायचा, गणपतीला द्यायचा, नाटकाला द्यायचा. आम्ही गेलो की भोंगा कुठेतरी गेलेला असायचा किंवा त्याची बॅटरी उतरलेली असायची किंवा तो माणूसच जेवत असायचा आणि त्याचं जेवण संपत नसे. किसनरावांनी एकदा मला शांतपणे सांगितलं, "पंजाब, भोंगा नाही तं नाही. आपल्यापाशी पोट्टी हाय." आणि पोट्टी गायली. गावोगाव, उघड्या माळावर, पाचपाचशे माणसांपुढे, मागच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू जावं म्हणून मानेच्या शिरा ताणून. लोक तो आवाज ऐकत नसत, पीत असत. मी मात्र भोंग्याचं मशीन आतून कसं असेल याचा विचार करत बसायचो. माझ्या धंद्याचं मूळ हे आहे. लोकांना मी सांगतो की मला लहानपणापासून विजेची आवड होती.

ढाणकीला एका संध्याकाळी वरच्या सुरावर तिचा आवाज चिरला. चिरला तो चिरलाच. डॉक्टरांनी गप्प राहायला सांगितलं, मायने ज्येष्ठमध उगाळून चाटवलं आणि महिन्या-दोन महिन्यांनी आवाज परत आला तो दुसराच होता. जाड, खरबरीत, प्रत्येक सुराच्या कडेला कुसळासारखी टोचरी कूस असलेला. त्यानंतर तिला कोणी गाऊ नको म्हणाल्याचं मला आठवत नाही. सगळे फार प्रेमाने वागले. किसनराव म्हणाले, "आराम कर, पोरी." पुढच्या गाण्याच्या वेळी त्यांनी दुसऱ्या मुलीला पुढे बसवलं, त्याच्या पुढच्याही वेळी, आणि कौसल्या एक दिवस पाणी प्यायला म्हणून उठून गेली ती परत बसायला काही आली नाही. बाप वारल्यावर आम्ही यवतमाळला आलो. तिने जिनिंगमध्ये काम धरलं. मी म्हटलं, कापसाची धूळ घशाला वाईट. ती म्हणाली, तिथं यंत्राच्या आवाजात कोणाचंच बोलणं कोणाला ऐकू येत नाही, सगळ्या हातानंच बोलतात. हे तिने सहज सांगितलं आणि मीही सहज ऐकलं. गिटार तिच्याकडे आली ती शेजारच्या एका केरळी नर्सकडून. बदली झाली तेव्हा एवढं मोठं लाकूड कुठे न्यायचं म्हणून ती सोडून गेली. जिनिंगचा हंगाम संपला की कौसल्या ती मांडीवर आडवी घ्यायची आणि लोखंडाचा तुकडा तारांवरून सरकवत राहायची. सूर एकापासून दुसऱ्यापर्यंत न तुटता घसरत जायचा. किसनरावांचीच जुनी गाणी असायची, शब्दांशिवाय. मी रेडिओ उघडून बसलेला असायचो आणि चुकीच्या ठिकाणी सोल्डर करायचो.

तर दुकानात हसू आलं, आणि मी पिवळी तार पुन्हा जागेवर बसवून टाकली. दुसरं काय करणार? सुटलेली तार बसवायची हे हाताला इतकं ठाऊक असतं की डोक्याला विचारावं लागत नाही. सोल्डर चकाकला, धूर नाकात गेला, आवाज पुन्हा शहाणा झाला. कौसल्याने तोच सूर एकदा लावला, पुन्हा एकदा लावला. मग पडदा सरकवून बाहेर आली.

"काहून जोडली?"

"सुटली होती म्हणून."

"चांगलं बोलून राह्यलं होतं ते."

"अवं, फाटून राह्यलं होतं. लोकायले वाटीन मशीन बिघडलं."

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या कपाळावर घामाने केस चिकटले होते आणि मला एकदम वाटलं, हिचं वय झालं. चोवीस-पंचविसात वय होतं का माणसाचं? ती म्हणाली, "दादा, तू हे खोकं माह्यासाठी नाई बनवून राह्यला. मले झाकाले बनवून राह्यला."

"असं काहून म्हंतं तू?"

"मंग काय म्हनू? फाटलेला आवाज लोकायले आयकू नोको जाऊ दे, एवढंच लागते ना तुले? मी नाई येत पांढरकवड्याले. तुहं मशीन अन तू जा." तिने लोखंडाचा तुकडा फडक्यात गुंडाळून डबीत ठेवला, डबी माझ्या टेबलावर ठेवली आणि दोन फळ्यांमधून अंग चोरून उन्हात निघून गेली. चपला घालायला विसरली होती. मी त्या चपलांकडे बघत बसलो, तिच्यामागे धावत जाऊन त्या द्यायला हव्या होत्या हे मला ती कोपऱ्यावरून वळल्यावर सुचलं.

संध्याकाळी घराकडे जाताना मी मुद्दाम लांबचा रस्ता घेतला. मनातल्या मनात तिच्याशी भांडत होतो आणि जिंकत होतो. मी म्हणत होतो, झाकतो म्हणजे काय, दिवसरात्र राबलो ते झाकायला? ती गप्प होती, मनातल्या भांडणात समोरचा गप्पच असतो. मग हळूहळू मला जिंकणं जड व्हायला लागलं. हॉटेलांतले रेडिओ लागले होते आणि प्रत्येकातून एकच बाई एकच गाणं म्हणत होती, पातळ, गोड, कुठे ओरखडा नाही. आणि मी चालता चालता ऐकत होतो की त्या आवाजाला मान नाही, शिरा नाहीत, मागच्या रांगेतली म्हातारी नाही. मला आठवलं की चिरण्याआधीचा कौसल्याचा आवाजसुद्धा असा कधीच नव्हता. मी उन्हाळाभर जो आवाज परत आणू पाहत होतो तो तिचा नव्हताच मुळी. तो रेडिओतला होता. मी एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकलो आणि लोक जय भीम घालून गेले तेव्हा त्यांना उत्तरही दिलं नाही.

घरी कौसल्या बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मायने मला ताट वाढलं आणि हळू आवाजात म्हणाली, "कायले तिच्या मागं लागतं? नाई येत म्हंते तं राहू दे."

"मी मागं नाई लागलो, माय. मी तं..."

"आयक. ती गाये ना तवा मी दूर मांगं बसो. मले तिचे शब्द समजत नोते, एवढी मी दूर. पन मले वाटे, हे आपलं मानूस वरडून राह्यलं, अन आपल्याले आता कोनी गप बस म्हनत नाई. मले तेच पायजे होतं. गोड कायचं घेऊन बसला तू?" एवढं बोलून तिने माझ्या ताटात आणखी एक भाकर टाकली, मी नको म्हणत असताना. मी जेवलो. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि ठेचा तिखट होता, दोन्ही खरं.

सकाळी उजाडताच मी दुकान उघडलं. तार कापून टाकायला पक्कड घेतली, तर हात धजेना. आपल्या हाताने केलेलं नीट काम मोडणं कारागिराच्या जिवावर येतं आणि वर मी भित्राही आहे. मग मधला मार्ग काढला, जो मी नेहमीच काढतो. वापसीच्या तारेत एक फिरतं बटन घातलं. पूर्ण उघडलं तर आवाज शहाणा, पूर्ण बंद केलं तर मोकाट, आणि मध्ये पाहिजे तिथे थांबता येईल. फिरवून पाहिलं. स्वच्छ सुराच्या कडेला आधी बारीक कूस यायची, मग ती दाट व्हायची, मग सूर छाती फुगवून पुढे यायचा. हे इतकं सुरेख जमलं होतं की मी एकटाच हसलो. खोकं उचलून घरी नेलं, बाजेजवळ ठेवलं आणि कौसल्याला बटन दाखवलं. म्हटलं, आता जसं पाहिजे तसं करता येते, कमी-जास्त, सारं.

तिने बटन एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवून पाहिलं. "हे बटन कोनापाशी राहीन?"

"म्हंजे?"

"तिथं स्टेजवर. मी वाजवीन तवा हे कोनाच्या हाती राहीन?"

"माह्याच. मी खोक्यापाशी बसून राहीन ना."

"मंग तेच झालं की, दादा," ती म्हणाली. रागाने नाही, दमून म्हणाली. ते दमणं ऐकून मला स्वतःची जी लाज वाटली ती सांगता येत नाही. मी खोकं पुन्हा दुकानात आणलं. बटन डब्यातून काढलं, त्याला वर जाळी असलेली लांब तार जोडली, कारण साधी तार एवढी लांब नेली तर मशीन शिट्टी मारतं, आणि बटन एका सागाच्या फळीवर बसवलं. फळी अशी की गिटारशेजारी उजव्या हाताशी ठेवता यावी. त्या कामाला दुपार झाली. मशीन दोनदा शिट्टी मारत सुटलं, शेजारचा शिंपी येऊन शिव्या देऊन गेला. ती फळी मी संध्याकाळी तिच्या हातात दिली आणि एक शब्द बोललो नाही. बोललो असतो तर डोक्यातल्या तारेने त्याचा काहीतरी शहाणा मजकूर करून टाकला असता. कौसल्याने फळी उलटी करून खालचे स्क्रू पाहिले. मग आत जाता जाता तिने विचारलं, दुकानात राहिलेल्या माह्या चपला आनल्या का.

पांढरकवड्याला आम्ही तिघंही गेलो, खोकं एस. टी.च्या टपावर बांधून. रस्ताभर माझं अर्धं लक्ष टपावर. मैदानात निळे झेंडे, दोऱ्यांना पताका, गावोगावच्या बैलगाड्या सोडलेल्या. पांढऱ्या लुगड्यांतल्या बायका पोरं घेऊन पुढे बसलेल्या. वंदना झाली, दिवेलागण झाली, चंद्र वर यायला लागला. वीज जनरेटरची होती आणि तिचा दाब मन मानेल तसा वरखाली होत होता. ते मला आवडलं नाही. पार्टीचा माइकही माझ्याच खोक्याला जोडून मी त्याच्यामागे जमिनीवर बसलो. गेन मी लावून दिला होता, आता माझ्याकडे काही काम नव्हतं, आणि काम नसलेले हात कुठे ठेवावेत हे मला कधीच कळलेलं नाही. किसनराव आता म्हातारे झालेले, पटका तोच. त्यांनी माइकवर नाव घेतलं, "आपली कौसल्या," आणि पुढच्या रांगेतल्या दोन-तीन बाया एकमेकींकडे वळल्या. बिचारी, असं त्यांच्या ओठांवर मला दिसलं. खरंच दिसलं की मीच तिथे ठेवलं, सांगता येणार नाही.

ती वाजवायला लागली तेव्हा बटन पूर्ण उघडं होतं. गोड, अगदी गोड सूर निघाला. लोक माना डोलवू लागले. मला वाटलं, ती भ्याली, किंवा माझ्यासाठी करते आहे, मला बरं वाटावं म्हणून. एक कडवं गेलं. मग मी तिचा उजवा हात तारांवरून फळीकडे जाताना पाहिला. तिने ते बटन थांबतथांबत, चव घेत बंद केलं, आणि सूर कडेने खरबरीत झाला, भरला, मैदानभर पसरला. माना डोलायच्या थांबल्या. लोक सरळ बसले. कडेला गाड्यांजवळ उभी असलेली माणसं पुढे सरकली. कौसल्याने मान वळवून किसनरावांकडे पाहिलं आणि हात पुढे केला. त्यांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि त्या म्हाताऱ्याने माइकचा दांडा दोन्ही हातांनी उचलून तिच्या तोंडापुढे आणून ठेवला आणि तिथेच उभा राहिला.

ती गायला लागली. जाड, फाटका, कूस असलेला तो आवाज त्याच खोक्यातून गिटारच्या अंगाला अंग लावून निघाला, आणि कुठे तार संपते आणि कुठे घसा लागतो हे मलासुद्धा, ज्याने तो सगळा पत्रा ठोकला त्याला, सांगता येईना. शब्द तेच होते, बैलगाडीतले. तिच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. कोणी वाहवा केली नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईने मांडीवरचं पोर खाली ठेवलं आणि ती नुसती पाहत राहिली. मायला मी शोधत होतो, ती कुठे बसली होती कोण जाणे, दूर मागेच बसली असणार. मला इतका आनंद झाला होता की भीतीच वाटत होती. तेवढ्यात वार्निश तापल्याचा वास आला. मी वाकून पाहिलं, तर जनरेटरने दाब वाढवला होता आणि शेवटच्या व्हॉल्व्हच्या आतला पत्रा लालभडक होत चालला होता. अशा वेळी मशीन ताबडतोब बंद करायचं असतं, हे कोणीही सांगेल. माझा हात स्विचपर्यंत गेलाही.

किसनरावांनाही वास आला असावा. ते स्टेजच्या मागून वाकून माझ्या कानाशी आले. "पंजाब, अबे, लाल झाला ना तुहा दिवा! बंद कर, सारं खोकं जळून जाइन!"

मी हात मागे घेतला.

"जळू द्या, काका," मी म्हटलं. "ती गाऊन राह्यली."